भैरोबाच्या अंगावरचा प्लॅजिओक्लेज

आमच्या सोसायटीतले लोक सुटी लागली की बाली, व्हिएतनाम, गेलाबाजार कूर्ग तरी गाठतात आणि परत आले की समुद्राचे फोटो टाकटाकून बाकीच्यांना जगणं नकोसं करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवराबायको शिरूर आणि दौंड तालुक्यांत जाऊन आलो. खर्च पेट्रोलचा, मुक्काम ओळखीच्या घरी, आणि पाहण्याची ठिकाणं दोन. एक भाऊ आणि एक बहीण. दोघंही दगड आहेत. मी सोसायटीच्या ग्रुपवर दगडाचा फोटो टाकला तर एकानेही अंगठा दाखवला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळाला नाही की मुलं ज्या विषयाला येतात, तो हा विषय. त्यातही राजश्रीसारखी एखादी असायची, जी पहिल्या बाकावर बसून शेवटच्या बाकावरच्यांपेक्षा जास्त बडबडायची. ती आता रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तिचा एके दिवशी फोन आला.

"मॅडम, अर्जंट आहे. आमच्या भैरोबाची खोळ पडली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावदेवाच्या दगडाला वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर लावतात. थरावर थर चढून त्याचं जाड कवच होतं आणि एखाद्या दिवशी ते अख्खं निखळून खाली येतं. एरवी लोक ही चांगली गोष्ट मानतात. देवाने खोळ सोडली म्हणतात, पेढे वाटतात. राजश्रीच्या गावात मात्र खोळ पडल्यावर आतून जो काळा दगड निघाला त्याच्यावर उभ्याआडव्या पांढऱ्या रेघा होत्या. गावाने रेघा पाहिल्या आणि निकाल दिला की देव भंगला.

"आणि म्हणतायत, आईनं भंगवला," राजश्री म्हणाली.

तिची आई गिरजामावशी त्या देवळाची गुरवीण. वडील गेल्यापासून सगळी पूजा ती एकटीच करते. भंगलेल्या देवाची पूजा चालत नाही, त्याला नदीत सोडावं लागतं. गावातल्या मंडळाच्या पोरांनी राजस्थानी मार्बलची नवी मूर्ती मोबाइलवर पसंतसुद्धा करून ठेवली होती. नवी मूर्ती आली की नवा ट्रस्ट, आणि नवा ट्रस्ट आला की पगारी पुजारी.

"आईची सेवा जाणार, मॅडम. तिला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे. तुम्ही येऊन एकदा सांगा ना, त्या रेघा कसल्या आहेत ते."

पाठोपाठ फोटो आला आणि मी खुर्चीतून उठलेच. त्या चिरा नव्हत्या. तो प्लॅजिओक्लेज होता.

प्लॅजिओक्लेज म्हणजे फेल्डस्पार नावाच्या भल्यामोठ्या खानदानातलं सगळ्यात पसरलेलं घराणं. त्याच्या एका टोकाला सोडियमकडे झुकलेले भाऊ, दुसऱ्या टोकाला कॅल्शियमकडे झुकलेले, आणि मधले सगळे कुंपणावर. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात तो जागोजाग असतो. तुमच्या दाराच्या पायरीतही असेल, पण सुईच्या टोकाएवढा. लाव्हा वर येण्याआधी जमिनीच्या पोटात भरपूर मुरला, तरच त्याचे स्फटिक असे बोटाबोटाएवढे वाढतात. भैरोबाच्या अंगावर ते मुठीने फेकल्यासारखे पसरले होते. इतका देखणा नमुना मी कॉलेजच्या कपाटात कधी पाहिला नव्हता.

विनायक, म्हणजे माझा नवरा, बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी घराबाहेर पडत नाही. "एवढ्या उन्हात दगड बघायला कोण जातं?" असं तो म्हणाला. मग त्याला शिरूरची एक मटणाची खाणावळ आठवली आणि गाडीची किल्ली त्याने स्वतःच शोधली.

शनिवार, शिरूरकडे

वाघोलीच्या ट्रॅफिकचं वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळा. कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला, शिक्रापूरला चहा झाला आणि मग डाव्याउजव्या हाताला कारखाने, कांदा आणि पुन्हा कारखाने असं बघत आम्ही शिरूरला टेकलो. मध्ये एका फाट्यावर 'बिबट्यापासून सावधान' असा फलक होता आणि त्याच्या बरोबर खाली 'येथे चिकन मिळेल' असा दुसरा. बिबट्याला वाचता येत नाही हे या मंडळींचं नशीब.

खाणावळीत काळा रस्सा होता, बाजरीची भाकरी होती, आणि विनायकच्या कपाळावर पहिल्या घासालाच घाम होता. मालक गल्ल्यावरून उठून आमच्याशी गप्पा मारायला आला. पुण्यात हॉटेलमालक गिऱ्हाइकाशी बोलायला आला की बिलात काहीतरी घोळ झालाय असं समजायचं असतं. इथे तो फक्त कुठल्या गावाला निघालात ते विचारत होता. आम्ही सांगितलं.

"व्हय का? त्या भैरोबाच्या गावाला? फुटला म्हनं त्यो."

"कुणी सांगितलं?"

"सगळा तालुका सांगतोय. गुरविणीनं कढत पानी घातलं म्हनं. मग फुटंल न्हाई तर काय हुईल?" आणि लगेच, "रस्सा आनू का आजून?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. राजश्री फोनवर रडवेली का होती ते मला तिथे कळलं. गावात कुजबुज असती तर एक वेळ मिटली असती. ही बातमी रश्श्यासोबत वाढली जात होती.

शिरूरहून न्हावऱ्याचा रस्ता धरला आणि उसाच्या दोन भिंतींमधून बरंच आत गेलो. गावाचं नाव लिहिणार नाही असं मी कबूल केलंय. भीमा नदीच्या अलीकडचं, शेवटच्या गावांपैकी एक, एवढं पुरे.

देऊळ म्हणजे मूळचा दगडी गाभारा, त्याच्यापुढे पत्र्याची शेड आणि आत बाहेर सगळीकडे बाथरूमच्या टाइल्स. त्यांच्यावर निळे मासे होते. गाभाऱ्यात देवाच्या बरोबर डोक्यावर, लग्नाच्या मांडवात लावतात तसला दांडगा फोकस.

"चपला तिकडं सावलीला काढा, बाई. फरशी लई पोळती," गिरजामावशी म्हणाल्या. ठेंगणी, सुकलेली बाई. डोक्यावरचा पदर एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने सगळी कामं करायची, अशी सवय. खोळ त्यांनी कोपऱ्यात लाल कापडावर ठेवली होती. तिच्या तुटल्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. हात लावून पाहिला तर आतली बाजू अजून चिकट होती.

"म्यां कढत पानी न्हाई घातलं," मावशी आपणहून बोलल्या. "कोमट सुदिक न्हाई. लग्न हून आले तवापास्नं हिरीचंच पानी घालती."

"मावशी, हा फोकस कधी लावला?"

"पोरांनी लावलाय की, शिवरात्रीला. फोटू चांगलं येत्यात म्हनं. दिसरात चालूच आसतोय."

मी वर हात धरला. हात भाजला. दिवसरात्र असा जाळ खाऊन तेल मऊ होणार आणि खोळ सुटणार, यात भूशास्त्राचं काही नाही, भजी तळणाऱ्या कुणालाही हे कळेल. मी खिशातलं भिंग काढलं आणि सरळ गाभाऱ्यात पालथी पडून देवाला नाक लावलं. मावशी आधी दचकल्या, मग त्यांनी माझ्या कोपराखाली पोतं सरकवलं.

फोटोत जे दिसलं नव्हतं ते भिंगाखाली दिसलं. प्रत्येक स्फटिकावर फणीच्या दातांसारख्या बारीक समांतर रेषा. ही प्लॅजिओक्लेजची सही. दगडाला कुठेही तडा नव्हता. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला तो अखंड गोटा होता.

"नदीतनंच आलाय त्यो," मावशी म्हणाल्या. "भैरोबा आन् त्याची बहीन भिवाई, दोगं पुरात वाहत आली. त्यो ह्या काठाला लागला, ती पल्याड, दौंडाच्या बाजूला. चैताला पालखी जाती ना तिच्याकडं, पातळ घिऊन."

मी "हो का" म्हणाले आणि भिंग पुसायला लागले. दंतकथा मी नेहमी याच आवाजात ऐकते.

शनिवारची संध्याकाळ, त्याच देवळात

ऊन उतरल्यावर राजश्री कंपनीतून आली आणि माणसं जमली. त्यांच्यात मुख्य रंगनाथआबा. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. साखर कारखान्याच्या संचालकपदाची निवडणूक ते एकदा हरले होते आणि तेव्हापासून त्यांचा कशावरही विश्वास नव्हता. चैत्रात बहिणीकडे पातळ घेऊन जाण्याचा मान त्यांचा.

मी उभी राहून सांगितलं की या चिरा नाहीत, दगडातलंच खनिज आहे, देव अखंड आहे. लोकांनी माना डोलावल्या. इथेच मी खाली बसायला हवं होतं.

"पर बाई," आबा म्हणाले, "खोळ पडली आन् त्याच हप्त्यात वस्तीवरची शेरडं बिबट्यानं न्हेली. हे कसं काय?"

"त्याआधी बिबट्या शाकाहारी होता का?"

पोरं हसली. विनायकने मला चिमटा काढला. आबा हसले नाहीत. मला वाटलं, काहीतरी वजनदार बोलावं म्हणजे यांची खात्री पटेल. म्हणून सांगितलं की चंद्र पाहताना आपल्याला जो उजळ भाग दिसतो, तोही याच घराण्यातल्या खनिजाचा आहे.

"म्हंजी चांदनंच हाय की अंगाव," गिरजामावशी दारातून हळूच म्हणाल्या.

"चांदन्याचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "नाव काय म्हनला तुमी त्याचं?"

"प्लॅजिओक्लेज."

"म्हंजी काय?"

आता, मास्तरीणबाईला कुणी 'म्हणजे काय' विचारलं की तिला देवही थांबवू शकत नाही, आणि तो तर समोरच बसला होता. मी म्हणाले, "कुणा जर्मन माणसाने ग्रीक शब्द जोडून हे नाव केलं. त्याचा अर्थ, तिरका फुटणारा."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ऐकलं का रं?" ते म्हणाले. "पुन्याच्या बाईंनी सोता सांगितलं. नावातच फूट हाय."

"नाही, नाही! ते खनिज फुटलंच तर काटकोनात फुटत नाही, जरा तिरकं फुटतं, म्हणून तसं नाव. हे फुटलेलं नाहीये."

"न्हाई फुटलं तर आसं नाव कशाला ठिवलं त्यानं?"

प्रश्न रास्त होता. त्या जर्मन माणसाला इतक्या खनिजांतून नेमकं याचं फुटणंच का आठवावं? मी कोन समजावू लागले. दोन हातांनी करून दाखवले. जितकी बोलले तितका देव जास्त फुटत गेला. शेवटी आबा उठले. उद्या संध्याकाळी बैठक बसवायची, येत्या अवसेला भैरोबाला नदीत सोडायचं आणि मार्बलचं नक्की करायचं, असं सांगून ते निघून गेले.

गिरजामावशींनी केरसुणी घेतली आणि लोक बसून गेलेली सगळी जागा झाडून काढली. मला स्वतःची इतकी चीड आली की विनायकने पुढे केलेला पेढा मी नको म्हटला, आणि मी पेढ्याला नको म्हणत नाही.

"मॅडम," राजश्री म्हणाली, "वर्गातपण तुम्ही हेच करायचात. उत्तर देऊन झाल्यावर पुढे बोलायचात."

रविवार, नदीपलीकडे, दौंडच्या बाजूला

सकाळी मावशींच्या ओट्यावर चहा घेताना मी त्या पुराच्या गोष्टीशी येऊन अडखळले. भाऊ आणि बहीण एकाच पुरात वाहत आले. म्हणजे, घाटाकडच्या एकाच खडकातून सुटलेले दोन गोटे. एक या काठाला लागला, एक त्या. मी रात्रभर कोन मोजत पडले होते आणि मावशींनी पहिल्याच दिवशी मला सगळं सांगून टाकलं होतं, ते मी भिंग पुसत ऐकलं होतं.

"मावशी, भिवाईच्या अंगावरही अशा रेघा असतील तर?"

मावशींच्या हातातली बशी थांबली. "तिला तर कुनी भंगलेली म्हनत न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या.

पण नुसतं मी जाऊन पाहून काय उपयोग? माझ्या शब्दाची किंमत आदल्या संध्याकाळी ठरून गेली होती. आबांनी पाहायला हवं होतं. त्यांना आणायची युक्ती मावशींनी केली. त्यांनी राजश्रीकरवी निरोप धाडला की पुण्याच्या पाहुण्या भिवाईला खणनारळ घेऊन निघाल्यात. भावाच्या गावातून बहिणीकडे काही जायचं तर ते मानकऱ्याच्या हातूनच गेलं पाहिजे. चहाचा कप विसळून होतोय तोच आबा कडक टोपी घालून गाडीपाशी हजर. "देवाचं काय बी हू द्या, पर रीत मोडू देनार न्हाई," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले. मी आणि राजश्री मागे.

पुलावर विनायकने गाडी हळू केली. भीमेचं पात्र जलपर्णीने हिरवंगार होतं आणि जिथे पाणी दिसत होतं तिथे ते काळं होतं. आम्ही पुण्यात रोज सकाळी जे फ्लश करतो ते पुढे कुठे जातं, याचं उत्तर तिथे वाहत होतं. गाडीतल्या दोन्ही पुणेकरांनी काचा वर केल्या.

"ह्या पान्यात देव सोडायचा म्हंजी जिवावर येतंय," आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले. मी काही बोलले नाही. मी शिकत होते. पण त्या वाक्याने आबा मला पहिल्यांदा आवडले. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती की चुकीच्या देवापुढे हात जोडले तर गावाचं काही होईल आणि ते आपल्या माथी येईल.

पलीकडे दौंड तालुका सुरू होतो तो नाकाला कळतो. गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर आणि उकळत्या रसाचा वास. विनायकला न थांबता पुढे जाणं शक्यच नव्हतं. गुऱ्हाळावरचे कामगार उत्तर प्रदेशातले, मालक दौंडचा, आणि काकवी कुणाचीही असो, जीभ विनायकची. "बाबूजी, ठंडा होने दो," असं एक जण ओरडेपर्यंत त्याने घोट घेतला होता. त्यानंतर तास दीड तास नवरा काही बोलला नाही. वैवाहिक आयुष्यातला तो एक निवांत टप्पा म्हणून मी लक्षात ठेवलाय.

भिवाईचं देऊळ काठावरच्या चिंचेखाली आहे. टाइल्स नाहीत, फोकस नाही. पुजारीण सुभद्राबाई, गिरजामावशींपेक्षा बऱ्याच थोर आणि आवाजाने त्याहून थोर. आबांनी खणनारळ रीतसर ठेवला. भिवाई पुढून पाहिली तर शेंदराची गुळगुळीत रास आणि वर चांदीचे डोळे. रेघ सोडा, दगडाचा कणसुद्धा दिसत नव्हता.

"थोडासा शेंदूर बाजूला केला तर?" मी विचारलं.

"देवीच्या अंगाला नख लावायचं न्हाई!" सुभद्राबाई गरजल्या. मग जरा खाली येऊन म्हणाल्या, "तुमाला दगूडच बघायचा आसंल तर पाठीला बघा की. तिथं हाय तळहाताएवढी उघडी जागा."

"उघडी कशी?"

"तिथं शेंदूर लावायचाच न्हाई. सासू सांगून गेली. तिला तिची सासू."

"का पण?"

"का ते कुनी न्हाई सांगितलं. भिवाईच्या पाठीला वारं लागावं म्हनून, आसं म्या आपली समजती."

देवी आणि मागची भिंत यांच्यात जेमतेम हातभर फट होती. मी मोबाइलचा टॉर्च लावला, पोट आत घेतलं आणि आडवी शिरले. खांदे गेले. पुढे जो भाग येतो तो गेला नाही. पुढेही जाईना, मागेही येईना. बाहेरून विनायकचा भाजलेल्या जिभेचा आवाज आला, "श्वाश शोड, श्वाश शोड!" सुभद्राबाई सगळ्यांना धीर देत होत्या की गेल्या साली एक शेरडू असंच अडकलं होतं, ते निघालं.

पण माझा टॉर्च बरोबर जागेवर पडला होता. शेंदराच्या कडेत, कुणीतरी बोटाने नीट गोल राखलेली तळहाताएवढी काळी जागा. आणि तिच्यात बोटाबोटाचे, मुठीने फेकल्यासारखे पांढरे स्फटिक. मला आनंदाने रडू आलं, पण तिथे रडायलाही जागा नव्हती. राजश्री आणि विनायकने पाय धरून मला ओढून काढलं, तेव्हा माझ्या पंजाबी ड्रेसची बाही सुटून आली होती.

मी तोंड उघडणार एवढ्यात राजश्रीने माझा दंड घट्ट धरला. मी तोंड मिटलं आणि टॉर्च आबांच्या हातात दिला.

आबांनी टोपी काढून राजश्रीकडे दिली. काटक माणूस, सहज आत गेला. चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. मग आबा बाहेर आले. कपाळाला जाळं लागलेलं, एका गालाला शेंदूर.

"भावासारखीच हाय," ते म्हणाले.

"मंग काय पाव्हण्यासारखी आसंल?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"आन् हे... हे कवापास्नं हाय हिच्या अंगाव?"

"माझ्या सासूच्या सासूच्याबी आधीपास्नं. काय वाईट झालंय का आमचं? ऊस बघा की कसा उभा हाय."

आबांनी ऊस पाहिला. मग नदी पाहिली. मग टोपी घालून हात जोडले.

संध्याकाळची बैठक फार चालली नाही. आबांनी उभं राहून सांगितलं, "भैन तशीच हाय. मी ह्या डोळ्यानं बघून आलो. दोगांचं अंगच तसं हाय. देव भंगलेला न्हाई आन् गिरजाबाईनं काय बी केलेलं न्हाई." मंडळाच्या एका पोराने मार्बलचं काय म्हणून विचारलं. "शाळेत सरस्वती बसवा. आन् त्यो फोकस आधी काढा. देवाला बी उकाडतंय." मग त्यांनी भिवाईकडून प्रसादाचा म्हणून आणलेला नारळ गिरजामावशींच्या हातात दिला, सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी. माफी त्यांनी मागितली नाही. पण निवडणुकीतही वाकले नसतील तेवढे ते तेव्हा वाकले.

माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "बाई, ते नाव तेवढं परत काढू नका."

सोमवार, निघण्याआधी

विनायक गाडीत सामान टाकत होता. काकवीचा डबा त्याने पुढे, पायापाशी ठेवला होता. मी देवळात गेले, तर गिरजामावशी परातीत तिळाच्या तेलात शेंदूर कालवत होत्या आणि राजश्री वाटीने तेल सोडत होती. नवा शेंदूर चढवायचा होता. भैरोबा असा उघडा ठेवायचा नसतो.

इतका सुंदर प्लॅजिओक्लेज आता बंद होणार, आणि पुन्हा उघडेल तेव्हा तो बघायला मी नसणार. मी फोटो काढले, त्यातले निम्मे हललेले आले. मावशींनी पुढून सुरुवात केली. त्यांचा तळवा फिरला की चांदणं मावळायचं. छाती झाली, कडा झाल्या. मग त्या देवाच्या मागे गेल्या, थोडं लावलं आणि थांबल्या. बोटाने एक गोल कडा काढली आणि आतला भाग कोरडा ठेवून हात पदराला पुसला.

"मावशी, तेवढं राहिलं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. माझ्यामागं जी कोन हितं बसंल, तिच्यावर बी कवातरी आसंच बालंट येईल. तिला दाखवाया कायतरी पायजे."

मी तिथेच खाली बसले. भिवाईच्या पाठीवरची ती नीट राखलेली कडा मला आठवली. वाऱ्यासाठी नव्हतीच ती. सुभद्राबाईंच्या सासूच्या सासूच्या आधी केव्हातरी, पलीकडच्या काठावर, कुणा एका बाईवर अख्खं गाव असंच उठलं असणार, आणि निभावल्यावर तिने नवा शेंदूर लावताना हात असाच आवरला असणार. तिची खूण पोचली होती. तिची गोष्ट पोचली नव्हती.

राजश्री ती उघडी जागा बघत होती. ती म्हणाली, "आई, मग आता जी येईल तिला सांगायचं, इथं शेंदूर लावायचा नाही. असंच ना?"

"आन् का ते बी सांगायचं," मावशी म्हणाल्या आणि परात उचलून उठल्या.